असेंब्लीतून आवाज शिकवायचाय: कोणतं मशीन, कोणता एम्युलेटर? सल्ला हवा

तंत्रशिक्षिका
नमस्कार मंडळी. मी तंत्रनिकेतनात संगणक शाखेला शिकवते. आमच्याकडे डिप्लोमाला ८०८६ प्रोसेसरची असेंब्ली (प्रोसेसरच्या सूचना थेट लिहायची भाषा) आहे. मुलं ती पास होण्यापुरती करतात: दोन संख्यांची बेरीज, ॲरेतली सगळ्यात मोठी संख्या, स्ट्रिंग उलटी करणं. उत्तर स्क्रीनवर आलं की फाईल बंद. रजिस्टरमध्ये लिहिलेल्या आकड्यामुळे बाहेर खरोखर काही घडतं, हा अनुभव त्यांना मिळतच नाही. म्हणून दिवाळीनंतर इच्छुक मुलांसाठी शनिवारी कार्यशाळा घ्यायची आहे, विषय एकच: चिपकडून थेट आवाज काढणं. लायब्ररी नाही, तयार फंक्शन नाही.

लॅबची मशीनं जुनी आहेत आणि इंटरनेट भरवशाचं नाही, त्यामुळे सगळं पेनड्राइव्हवरून चालायला हवं. हेडफोन मुलं आपापले आणतील. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला स्वतःच्या कोडचा आवाज ऐकू आला पाहिजे, ही माझी मुख्य अट. डॉसबॉक्स (जुन्या डॉस पीसीचा एम्युलेटर, म्हणजे त्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आणि स्पेक्ट्रम, कमोडोर ६४, फॅमिकॉम ही ऐंशीच्या दशकातली मशीनं, अशी नावं डोक्यात आहेत. ज्यांनी हे शिकवलंय किंवा स्वतः शिकलेत त्यांनी कृपया सांगा: सुरुवात कुठून करू, आणि कुठे थांबू?

पोर्ट६१
मॅडम, डॉसबॉक्स. मुलांना ८०८६ येतोय, मग नवा प्रोसेसर आणि नवी चिप एकाच दिवशी त्यांच्यासमोर कशाला ठेवायची?

पीसी स्पीकरच्या मागे ८२५३ किंवा ८२५४ हा टायमर असतो. त्याला ११,९३,१८२ हर्ट्झचं घड्याळ मिळतं. त्याच्या चॅनल २ ला एक भाजक दिला की घड्याळ भागिले भाजक इतक्या वारंवारतेची चौकोनी लहर बाहेर पडते. पोर्ट म्हणजे प्रोसेसरने बाहेरच्या चिपांशी बोलायचे क्रमांकित मार्ग. पोर्ट ४३ वर बी६ पाठवा, मग भाजक पोर्ट ४२ वर, आधी खालचा बाइट आणि नंतर वरचा. शेवटी पोर्ट ६१ वाचून त्याचे खालचे दोन बिट १ करा आणि परत लिहा (हे आकडे हेक्समधले). ४४० हर्ट्झसाठी भाजक २७१२, म्हणजे हेक्समध्ये आधी ९८, मग ०ए. प्रत्यक्षात ४३९.९६ हर्ट्झ मिळतात. जेमतेम दहा ओळींचा प्रोग्रॅम आहे, तुमची पहिल्या दिवसाची अट पूर्ण होते.

पोर्ट ६१ वर थेट ३ लिहू देऊ नका. त्या पोर्टचे बाकीचे बिट दुसऱ्या कामांचे आहेत. वाचा, ऑर करा, लिहा ही सवय इथेच लागते.

दुसऱ्या बैठकीसाठी एक प्रयोग सांगतो. मुलांना स्वरांमधला वेळ रिकाम्या लूपने काढू द्या. धून वाजत असताना कंट्रोल एफ१२ दाबून डॉसबॉक्सचा वेग वाढवायला सांगा. स्वर तेच राहतात, लय मात्र धावत सुटते. स्वर टायमर बनवतोय आणि लय प्रोसेसर, हे फळ्यावर कितीही समजावलं तरी इतकं पोचत नाही. मग बायोसचा टिक काउंटर दाखवा, ००४० सेगमेंटला ००६सी वर, सेकंदाला १८.२ वेळा वाढणारा. त्यावर लय बांधली की वेग कितीही बदला, धून स्थिर राहते.

जिथे लिनक्सवर ६४ बिट असेंब्ली नॅझम या असेंब्लरने शिकवतात तिथे हे थेट जमत नाही, कारण साध्या प्रोग्रॅमला पोर्टला हात लावायची परवानगी नसते. तिथेही डॉसबॉक्सच घ्यावा.

झेडऐंशी
पोर्ट६१ यांचा प्रयोग सुंदर आहे, पण मी सुरुवात स्पेक्ट्रमवरून करीन. टायमरला आकडा दिला की आवाज येतो, म्हणजे लहर दुसऱ्या कुणीतरी बनवली. ती स्वतः बनवण्यात जे शिक्षण आहे ते तिथे होत नाही.

४८के स्पेक्ट्रममध्ये ध्वनीची चिपच नाही. ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८० आहे आणि पोर्ट २५४ चा एक बिट, क्रमांक ४. तो १ केला की स्पीकरचा पडदा एका बाजूला, ० केला की दुसऱ्या बाजूला. सूर हवा तर विद्यार्थ्याला स्वतः मोजावं लागतं: ४४० हर्ट्झसाठी बिट सेकंदाला ८८० वेळा पलटायचा, म्हणजे दर ३९७७ टी-स्टेटला (प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांना) एकदा. डीजेएनझेड (बी रजिस्टर एकने कमी करून ते शून्य होईपर्यंत मागे उडी मारणारी सूचना) उडी मारताना १३ टी-स्टेट घेतं. भागाकार केला की ३०६ फेऱ्या येतात, आणि बी रजिस्टर तर ८ बिटांचं. जास्तीत जास्त २५६ फेऱ्या. एका साध्या डीजेएनझेड लूपने सुमारे ५२० हर्ट्झच्या खाली उतरताच येत नाही. हे मुलांना आधी सांगू नका. त्यांना भिंतीला थडकू द्या, मग १६ बिटांचा काउंटर किंवा लूपमध्ये लूप त्यांच्या त्यांनाच सुचतो. कुठल्या सूचनेला किती टी-स्टेट लागतात हा तक्ता पाठ करायची गोष्ट नसून त्यातून स्वर तयार होतो, हे तेव्हा कळतं.

आता सगळ्यात चांगला भाग. त्याच पोर्टचे खालचे तीन बिट स्क्रीनच्या बॉर्डरचा रंग ठरवतात. बिट पलटताना १६ ऐवजी २३ शी एक्सॉर करा. आवाजासोबत बॉर्डर काळी-पांढरी होते आणि लहर पट्ट्यांच्या रूपात डोळ्यांना दिसते. स्पेक्ट्रमची एक स्कॅन ओळ २२४ टी-स्टेटची, म्हणून ४४० हर्ट्झला एकेक पट्टा साधारण १८ ओळी जाड. स्वर चढवा, पट्टे बारीक होतात. तार सप्तकात गेलात की निम्म्या जाडीचे. पट्टे मोजून वारंवारता काढायला लावा, बहिऱ्या विद्यार्थ्यालाही या कार्यशाळेत बसता येईल.

दोन गोष्टी सांभाळा. कोड ३२७६८ च्या वर ठेवा, कारण १६३८४ ते ३२७६७ ही मेमरी स्क्रीनचं चित्र काढणाऱ्या युएलए चिपसोबत वाटून घ्यावी लागते आणि प्रोसेसरला मधेमधे थांबवलं जातं. मग मोजलेला वेळ आणि प्रत्यक्षातला वेळ जुळत नाही. आणि सुरुवातीला डीआय ही सूचना देऊन इंटरप्ट (प्रोसेसरला मधेच दुसऱ्या कामाकडे वळवणारे इशारे) बंद करा, नाहीतर सेकंदाला ५० वेळा रॉमचं काम मधे येऊन सूर खरखरतो. वेळेच्या बाबतीत फ्यूज हा एम्युलेटर विश्वासाचा आहे, त्यात डीबगरही आहे. असेंब्लर म्हणून पास्मो घ्या, एकच छोटी फाईल.

आणि हे मशीन आपल्याला अगदी परकंही नाही. डेसिबेल्स कंपनीने १९८६ मध्ये परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस भारतात आणला होता.

कुतूहल
प्रश्न विचारतो: खरं हार्डवेअर का नको? एखादा मायक्रोकंट्रोलर आणि बझर स्वस्तात मिळतो.

झेडऐंशी
ते नंतर जरूर करा. पण खऱ्या बोर्डावर काळ थांबवता येत नाही. एम्युलेटरमध्ये स्वराच्या मधोमध थांबून रजिस्टर पाहता येतात, एकेक सूचना पुढे सरकता येते, मशीनची अवस्था जतन करून पुन्हा त्याच क्षणी येता येतं. शिकणाऱ्याला याची फार गरज असते. शिवाय तारा, सोल्डर, तुटलेला बझर यांत पहिली बैठक जात नाही.

जुनाशिक्षक
१९८४-८५ च्या क्लास या सरकारी संगणक-साक्षरता प्रकल्पात आपल्याकडच्या शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले होते. शिकवण्यासाठी त्या मशीनची एक सोय आजही बेजोड आहे: त्याच्या बेसिक भाषेतच ६५०२ या त्याच्या प्रोसेसरचा असेंब्लर बसवलेला आहे. चौकोनी कंसात असेंब्ली लिहायची आणि रन म्हणायचं. वेगळी साधनं नाहीत, फाईलींची ने-आण नाही. चिप एसएन७६४८९, तीन सूर आणि एक गोंगाट. मात्र तिच्यापर्यंत थेट पोचता येत नाही, ६५२२ या पोर्ट सांभाळणाऱ्या चिपमधून जावं लागतं: इंटरप्ट बंद, पोर्टची दिशा बाहेर, एफई४एफ वर बाइट, मग एफई४० वर ० लिहून थोडं थांबायचं आणि ८ लिहायचं. ४४० हर्ट्झसाठी आकडा २८४. पहिल्या दिवसाला हे जड आहे. पण एक चिप दुसऱ्या चिपमार्फत कशी चालवतात हे शिकवायला उत्तम. बीबएम एम्युलेटर इंटरनेटशिवाय चालतो.

पांढरीसहा
मी व्यवसायाने फर्मवेअर लिहितो, संध्याकाळी हार्मोनियम वाजवतो. मशीन कोणतंही घ्या, पण स्वरांचा तक्ता मुलांना आयता देऊ नका. सा-रे-ग-म त्यांच्या कानात आहेच, त्यातून तक्ता काढायला लावा.

पांढरी सहाचा (हार्मोनियमच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचा) सा धरा, म्हणजे ४४० हर्ट्झ, पोर्ट६१ यांचा भाजक २७१२. पंचम साच्या दीडपट, म्हणून भाजक दोन तृतीयांश: १८०८, बरोबर पूर्णांक. मध्यम चार तृतीयांश, भाजक २०३४, हाही पूर्णांक. तार सा १३५६. शुद्ध गंधार पाच चतुर्थांश घेतला तर २१६९.६ येतात, इथे पहिल्यांदा गोळाबेरीज करावी लागते. ऋषभ नऊ अष्टमांश, २४११. धैवत पाच तृतीयांश, १६२७. एवढ्यावर भूप वाजतो. मुलांना गुणोत्तर, भागाकार आणि पूर्णांकात बसवताना पडणारी चूक हे सगळं एका रागात मिळतं.

मग मींड द्या. साचा भाजक २७१२ पासून एकेक कमी करत पंचमापर्यंत न्यायचा. मुलांना ऐकू येईल की मींड सुरुवातीला सावकाश चढते आणि शेवटी पळते. कारण भाजक समान पावलांनी बदलला तरी वारंवारता समान पावलांनी बदलत नाही. ते का, आणि सरळ कशी करायची, हा त्यांच्या पूर्ण एका बैठकीचा विषय होईल. माझ्या मते कार्यशाळेचा गाभा हाच.

तंत्रशिक्षिका
किती मोलाचं सांगताय सगळे! भूपाची कल्पना लगेच घेतली. बॉर्डरचे पट्टे घरी करून पाहिले, मी स्वतः बराच वेळ पाहत बसले होते.

आता पुढचा प्रश्न. सुरुवातीच्या बैठकांनंतर एक खरी ध्वनी-चिप हवी, जिच्यात स्वराला आकार देता येईल. कमोडोर ६४ की फॅमिकॉम?

त्रिस्वर
कमोडोर ६४. मी जर्मनीत राहतो, इथे या मशीनवर संगीत लिहिणारी माणसं आजही दरवर्षी मेळाव्यांना जमतात. डेमोसीनला, म्हणजे संगणकावर चित्र-संगीताचे छोटे प्रोग्रॅम रचणाऱ्यांच्या कलाविश्वाला, फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात या मशीनचा मोठा हात आहे.

याची सिड ही ध्वनी-चिप बॉब यानिस यांनी रचली, मशीन १९८२ मध्ये आलं. पत्ता डी४०० पासून २९ रजिस्टर. तीन स्वर, प्रत्येकाला त्रिकोणी, करवती, पल्स आणि गोंगाट अशा लहरी. प्रत्येक स्वराला आघात, उतार, टिकाव आणि विराम असा चार टप्प्यांचा आकार. वर एक फिल्टर. पांढरीसहा यांना आवडेल अशी गोष्ट: इथे भाजक नाही. तुम्ही लिहिलेला आकडा वारंवारतेच्या सरळ प्रमाणात असतो. पाल या टीव्ही पद्धतीच्या मशीनवर एक पाऊल ०.०५८७ हर्ट्झचं, ४४० साठी ७४९३. आधी भाजकावर मींड केलेल्या मुलांना इथे तीच मींड सरळ चढताना ऐकू द्या. एकच कोड, दोन चिपा, दोन वेगळे वळसे.

मुलं कुठे अडकतील ते सांगतो. एक, डी४१८ मध्ये आवाजाची पातळी लिहिली नाही तर पूर्ण शांतता. दोन, पल्स लहर निवडली आणि तिची रुंदी शून्य ठेवली तरी शांतता. तीन, गेट बिट. तो १ केला की आघात सुरू, ० केला की विराम सुरू. स्वर पुन्हा छेडायचा तर आधी ० करावाच लागतो. चार, आणि हे महत्त्वाचं: शेवटची चार सोडली तर बाकीची रजिस्टर वाचता येत नाहीत. ८०८६ वर वाचा-ऑर करा-लिहा शिकलेला विद्यार्थी इथे तेच करायला जाईल आणि भलताच बाइट हाती येईल. म्हणून प्रत्येक रजिस्टरची प्रत रॅममध्ये ठेवायची, बदल प्रतीत करायचा आणि मग चिपला पाठवायची. आजच्या कित्येक डिव्हाइस ड्रायव्हरमध्येही हीच पद्धत असते.

एम्युलेटर व्हाइस घ्या. त्यात सिडचं ६५८१ किंवा ८५८० मॉडेल निवडता येतं, सगळ्या मशीनवर एकच ठेवा, कारण दोघांचे फिल्टर वेगळे वाजतात. असेंब्लर ॲक्मी.

टीव्हीगेम
मी फॅमिकॉमच्या बाजूने. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी जो टीव्ही गेम होता तो बहुतेक वेळा याच मशीनची नक्कल होता. तो आवाज मुलांच्या आईवडिलांना चटकन ओळखू येईल.

प्रोसेसर इथेही ६५०२ चाच, दशमान गणित काढून टाकलेला. दोन पल्स, एक त्रिकोणी, एक गोंगाट आणि एक नमुने वाजवणारा, असे पाच चॅनल. फिल्टर नाही, त्रिकोणी चॅनलला पातळीच नाही: वाजतो किंवा वाजत नाही. अडचणी जास्त, म्हणून विचारही जास्त करावा लागतो. ४४० साठी पल्सला २५३ लिहायचे. पण १७६० हर्ट्झ हवे असतील तर ६३ लिहून १७४८ मिळतात, ६२ लिहून १७७६. मधलं काही नाही. वरच्या सप्तकात चिप बेसुरी का होते ते इथे कानाला कळतं.

मींडेचा धडा तर इथे आणखी खोल जातो. मंद्र पंचमाचा आकडा ३३८, साचा २५३. मींड करताना २५६ वरून २५५ वर येतो तेव्हा वरचा बाइट बदलावा लागतो, तो ४००३ वर लिहिला की लहर पुन्हा आरंभापासून सुरू होते आणि टक् असा आवाज येतो. तीच मींड त्रिकोणी चॅनलवर केली तर तो टक् नाही. मेसेन एम्युलेटरच्या डीबगरमध्ये कोणत्या क्षणी कोणत्या रजिस्टरमध्ये काय लिहिलं गेलं ते चित्रात दिसतं. नवशिक्याला यासारखं साधन मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्रिस्वर
डीबगरबद्दल मान्य. पण फॅमिकॉमवर आवाज येण्याआधी कार्ट्रिजचं हेडर, रीसेट व्हेक्टर, सुरुवातीची जुळवाजुळव एवढं लिहावं लागतं. मुलांना दहा ओळींनंतर ऐकू आलं पाहिजे. कमोडोरवर तेवढ्यात होतं.

टीव्हीगेम
हे खरं. तयार सांगाडा द्यावा लागतो, आणि मॅडमना तयार काही नकोय.

पोर्ट६१
एक राहिलं. मशीन कुठलंही असो, कानावर भरवसा ठेवून थांबू नका, मोजायला लावा. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल एफ६ दाबलं की आवाज डब्ल्यूएव्ही फाईलमध्ये जमा होतो, व्हाइस आणि मेसेनमध्येही सोय आहे. ती फाईल ऑडॅसिटीत उघडून शंभर आवर्तनांची लांबी मोजायची. ४४० ला ०.२२७३ सेकंद यायला हवी. चौकोनी लहरीच्या कडांना बारीक लाटा दिसतील, त्या नमुने घेताना येतात, मुलं घाबरतील म्हणून आधी सांगून ठेवा. आणि कळ दाबल्यावर आवाज किंचित उशिरा येतो तो एम्युलेटरच्या बफरमुळे, त्यावरून कोडचा वेग जोखू देऊ नका.

तंत्रशिक्षिका
ठरलं. पहिल्या दोन बैठका डॉसबॉक्स, त्यात भूप आणि मींड. मग स्पेक्ट्रम आणि बॉर्डरचे पट्टे. त्यानंतर उरलेल्या सगळ्या बैठका कमोडोर ६४. फॅमिकॉम ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी पेनड्राइव्हवर ठेवते. शेवटी मुलांनी काय करून दाखवावं, हे मात्र सुचत नाहीये.

पांढरीसहा
तानपुरा. पंचम, सा, सा, खर्ज, चार तारा. सिडला स्वर तीनच. चौथी तार छेडायची तर वाजणाऱ्यांपैकी कुणाचा तरी स्वर काढून घ्यावा लागणार, आणि कोणता काढला तर कमी जाणवेल ते ठरवावं लागणार. २२० चा सा धरला तर आकडे २८१०, ३७४६, ३७४६ आणि १८७३. करवती लहर, आघात शून्य, उतार तीन सेकंदांचा म्हणजे डी४०५ मध्ये ०सी, टिकाव शून्य. दुसरा सा ३७५४ केला तर दोन सांमध्ये दोन सेकंदांनी एक असं हळू आंदोलन येतं. मग फिल्टर सावकाश उघडायचा.

त्रिस्वर
त्याला जोडून: तुम्ही केलेल्या तानपुऱ्याची फक्त डब्ल्यूएव्ही फाईल द्या, कोड नको. मुलांनी ऑडॅसिटीत मोजून रजिस्टरचे आकडे शोधायचे आणि आपला तानपुरा तुमच्याशी जुळवायचा. तपासताना दोन्ही फाईली एकत्र वाजवा. आकडा एका पावलाने जरी चुकला तरी सतरा सेकंदांनी एक आंदोलन येतं, म्हणून त्या तपासणीसाठी उतार २४ सेकंदांचा ठेवा, डी४०५ मध्ये ०एफ.